नाकाबंदी, गाडीची झडती आणि त्यातून मिळालेला पुरावा : सोलापूरकरांकडून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सात रस्ता, पुणे नाका, विजापूर रस्ता किंवा अक्कलकोट रस्ता, यांपैकी कोठेतरी रात्री गाडी अडवली जाते आणि दुसऱ्या दिवशी जिल्हा न्यायालयाच्या आवारात वकील शोधण्याची वेळ येते. अशा लोकांकडून आणि त्यांच्या नातेवाइकांकडून जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, ते येथे एकत्र केले आहेत. उत्तरे मोटार वाहन कायदा १९८८, तसेच १ जुलै २०२४ पासून लागू झालेली भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आणि भारतीय साक्ष्य अधिनियम यांच्या आधारे दिली आहेत. जुने निकाल जुन्या कलमांखालचे असले, तरी संबंधित तरतुदी बहुतांशी तशाच राहिल्याने न्यायालयात ते आजही वाचून दाखवले जातात.

१. मी कोणताही नियम मोडलेला नसताना पोलीस माझी गाडी थांबवू शकतात का?

होय. परवाना तपासण्यापूर्वी पोलिसांना काही संशय आलेला असावा, अशी अट आपल्या कायद्यात नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम १३० प्रमाणे सार्वजनिक ठिकाणी वाहन चालवणाऱ्याने गणवेशातील कोणत्याही पोलीस अधिकाऱ्याने मागितल्यावर परवाना दाखवला पाहिजे, आणि कलम ११९ प्रमाणे वाहतूक नियमन करणाऱ्या पोलिसाचे निर्देश पाळले पाहिजेत. गाडी न थांबवता परवाना पाहता येत नाही, म्हणून थांबवण्याचा अधिकार या मागणीतच आला, असे मानले जाते. कलम १३२ वाचून ‘फौजदाराच्या खालच्या पोलिसाला गाडी थांबवता येत नाही’ असे अनेकजण ठामपणे सांगतात. परंतु दर्जाची ती अट अपघातानंतर चालकाला थांबवण्याच्या प्रसंगाशी जोडलेली आहे. इशारा मिळूनही निघून गेल्यास कलम १७९ खाली दोन हजार रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. त्याहून वाईट म्हणजे ‘आम्हाला पाहून गाडी वळवून पळाला’ हे वाक्य पुढे झडतीचे कारण म्हणून फिर्यादीत येते.

२. साध्या वेशातील पोलिसांनी अडवले, तर थांबावे का?

परवाना मागण्याचा कलम १३० मधील अधिकार गणवेशातील अधिकाऱ्यालाच आहे. मात्र गुन्हे शाखेचे कर्मचारी एखाद्या गुन्ह्याच्या तपासात किंवा खबरेवरून आलेले असतील, तर त्यांचे अधिकार नागरिक सुरक्षा संहितेतून येतात आणि तेथे गणवेशाची अट नाही. ओळखपत्र मागणे यात काहीही गैर नाही. अटक करणाऱ्या अधिकाऱ्याच्या अंगावर नाव स्पष्ट दिसेल अशी ओळख असली पाहिजे, असे संहितेचे कलम ३६ सांगते.

३. कागदपत्रे मोबाइलमध्ये असली तर चालतात का?

चालतात. केंद्रीय मोटार वाहन नियमांतील नियम १३९ प्रमाणे परवाना, नोंदणी, विमा, प्रदूषण प्रमाणपत्र ही कागदपत्रे छापील किंवा इलेक्ट्रॉनिक स्वरूपात दाखवता येतात. डिजिलॉकर किंवा एमपरिवहनमधील प्रत ग्राह्य आहे; गॅलरीतला परवान्याचा फोटो मात्र त्या जागी धरता येत नाही. कागद जवळच नसतील, तर पंधरा दिवसांत सादर करण्याची सोयही याच नियमात आहे.

४. पोलीस किल्ली काढून घेऊ शकतात का? गाडी आणि परवाना जप्त करू शकतात का?

चालत्या किंवा उभ्या गाडीची किल्ली खेचून घेण्याचा अधिकार देणारे कलम मोटार वाहन कायद्यात नाही. गाडी अडकवून ठेवण्याचा अधिकार कलम २०७ मध्ये आहे, पण तो विनापरवाना चालवणे, नोंदणी नसणे, परमिट नसणे अशा ठरावीक कारणांसाठीच आहे. नुसते हेल्मेट नाही म्हणून गाडी ठाण्यात नेता येत नाही. परवान्याचे तसे नाही. २०१९ च्या दुरुस्तीने आलेल्या कलम २०६(४) प्रमाणे वेगमर्यादा ओलांडणे, धोकादायक चालवणे, मद्यपान करून चालवणे, दुचाकीवर तिघे बसणे, हेल्मेट नसणे अशा गुन्ह्यांत परवाना ताब्यात घेऊन निलंबनासाठी परवाना प्राधिकरणाकडे पाठवायचा असतो. तो घेतल्याची पोच मागून घ्यावी.

५. वॉरंट नसताना डिक्की किंवा बॅग तपासता येते का?

वाहतूक तपासणी म्हणून थांबवलेल्या प्रत्येक गाडीची डिक्की उघडून पाहण्याचा सरसकट अधिकार मोटार वाहन कायदा देत नाही. अधिकार इतर ठिकाणांहून येतो. नागरिक सुरक्षा संहितेत ‘जागा’ या शब्दाच्या व्याख्येत वाहनही येते. त्यामुळे कलम १८५ खाली तपासी अधिकारी कारणे लेखी नोंदवून गाडीची विनावॉरंट झडती घेऊ शकतो आणि त्या नोंदीची प्रत त्याने ४८ तासांत दंडाधिकाऱ्याकडे पाठवायची असते. संशयास्पद परिस्थितीत आढळलेली वस्तू कलम १०६ खाली जप्त करता येते आणि अटक झाल्यावर कलम ४९ खाली अंगझडती घेता येते. एनडीपीएस (अमली पदार्थविरोधी) कायदा, दारूबंदी कायदा यांसारख्या विशेष कायद्यांत वेगळे अधिकार आहेत.

प्रत्यक्षात बहुतेक वेळा यांतले काहीच घडत नाही. ‘काय आहे डिक्कीत, दाखवा की जरा’ असे म्हटले जाते आणि माणूस स्वतःच डिक्की उघडून देतो. एकदा स्वतःहून उघडली की ‘झडती बेकायदेशीर होती’ हे नंतर सांगणे अवघड जाते. ‘कोणत्या कलमाखाली झडती घेत आहात, तेवढे नोंदवा’ असे शांतपणे म्हणणे हा विरोध नव्हे. अंगावर जाणे, हात धरणे, गाडी पुढे रेटणे हा मात्र विरोधच ठरतो आणि तो भारतीय न्याय संहितेच्या कलम १३२ किंवा २२१ मध्ये बसवला जातो. त्या वेळी मूळ झडती कायदेशीर होती की नाही, हा मुद्दा बाजूला पडतो.

६. झडती बेकायदेशीर होती हे सिद्ध झाले, तर सापडलेली वस्तू पुराव्यातून बाद होते ना?

सर्वांत जास्त गैरसमज याच प्रश्नाबाबत आहे. अमेरिकेत बेकायदेशीर झडतीतील पुरावा वगळण्याचा नियम आहे आणि त्यासाठी खटल्याआधी स्वतंत्र अर्जही करता येतो. परदेशी मालिका पाहून आपल्याकडेही तसेच असेल, असे लोक गृहीत धरतात. भारतात तो नियम सर्वसाधारण नियम म्हणून स्वीकारलेला नाही.

सर्वोच्च न्यायालयाने राधाकिशन विरुद्ध उत्तर प्रदेश राज्य (१९६३) या प्रकरणात झडती बेकायदेशीर असल्याचे धरून चालले तरी जप्ती त्यामुळे रद्द होत नाही, असे सांगितले. झडतीला त्या वेळी विरोध करता येऊ शकतो आणि न्यायालय जप्तीचा पुरावा अधिक काळजीने तपासू शकते. त्यापलीकडे परिणाम होत नाही, असे त्या निकालात म्हटले आहे. पुढे १९७२ मध्ये आर. एम. मलकानी विरुद्ध महाराष्ट्र राज्य आणि १९७३ मध्ये पूरणमल या दोन निकालांनी कसोटी पक्की केली : पुरावा संबद्ध असेल आणि कायद्यात त्याला स्पष्ट मनाई नसेल, तर तो कसा मिळवला एवढ्याच कारणाने तो नाकारता येत नाही.

म्हणून ‘गाडी थांबवायलाच नको होती’ या एका मुद्द्यावर गांजा, पिस्तूल किंवा चोरीचा मोबाइल न्यायालयाच्या नजरेआड होत नाही. पण पुरावा दाखल होणे आणि तो विश्वासार्ह ठरणे या दोन वेगळ्या पायऱ्या आहेत. सोलापुरातील असोत वा इतरत्रची, अशी प्रकरणे दुसऱ्या पायरीवर सुटतात : पंच मोडतात, वेळा जुळत नाहीत, सील जुळत नाही, नोंद वेळेत झालेली नसते. गाडी का थांबवली यापेक्षा थांबवल्यानंतर काय लिहिले गेले, याकडे आरोपीच्या बाजूने अधिक लक्ष दिले पाहिजे, असे माझे स्पष्ट मत आहे.

नियमाला धक्का देणारा एक निकाल आपल्याच उच्च न्यायालयाचा आहे. विनीतकुमार विरुद्ध सीबीआय (२०१९) या प्रकरणात मुंबई उच्च न्यायालयाने बेकायदेशीर आदेशांवरून टॅप केलेली फोन संभाषणे नष्ट करण्याचा आदेश दिला आणि खासगीपणाच्या मूलभूत हक्काचा आधार घेतला. तो युक्तिवाद गाडीच्या झडतीपर्यंत ताणता येईल का, हा वादाचा विषय आहे. वकिलाने तो मांडावा, पण एवढ्या एका मुद्द्यावर विसंबून राहू नये. जेथे पुरावा खरोखर निष्फळ होतो, तो अपवाद प्रश्न ७ मध्ये आहे.

७. मग अमली पदार्थांच्या खटल्यांत लोक ‘कलम ५०’ वर सुटतात, ते कसे?

एनडीपीएस कायद्यात शिक्षा कठोर आहेत. गांजाचे व्यावसायिक प्रमाण २० किलो असून त्याहून अधिक माल असल्यास किमान शिक्षाच दहा वर्षांची आहे. त्या बदल्यात कायद्याने संरक्षणेही कडक ठेवली आहेत. कलम ५० प्रमाणे अंगझडतीपूर्वी त्या व्यक्तीला सांगावे लागते की, जवळच्या राजपत्रित अधिकाऱ्यासमोर किंवा दंडाधिकाऱ्यासमोर झडती करून घेण्याचा तुम्हाला हक्क आहे. पंजाब राज्य विरुद्ध बलदेव सिंग (१९९९) या घटनापीठाच्या निकालाप्रमाणे हे कलम मोडून अंगावर सापडलेला माल बेकायदेशीर बाळगणुकीचा पुरावा म्हणून वापरता येत नाही. विजयसिंह जाडेजा विरुद्ध गुजरात राज्य (२०१०) या निकालाने ‘बहुतांशी पालन झाले’ ही पळवाटही बंद केली.

व्यवहारात ही सूचना छापील नोटिशीवर दिली जाते, आणि ती नोटीस बारकाईने वाचावी लागते. दोन आरोपींना मिळून एकच नोटीस दिली, किंवा ‘राजपत्रित अधिकारी, दंडाधिकारी की आमच्या पथकातील साहेब’ असा तिसरा पर्याय ठेवला, तर ती सूचना सदोष ठरते. राजस्थान राज्य विरुद्ध परमानंद (२०१४) या निकालात नेमके हेच दोन दोष होते. वेळही पाहावी. नोटिशीवर रात्री ९.४० ही वेळ आहे आणि जप्ती पंचनामा ९.३० ला सुरू झाला आहे, असे दिसले तर उलटतपासणीचा अर्धा भाग तेथेच तयार होतो. भाषेचा मुद्दा सोलापुरात विशेष महत्त्वाचा आहे. घरात तेलुगू किंवा कन्नड बोलणाऱ्या आणि मराठी न वाचणाऱ्या माणसाची मराठी नोटिशीवर नुसती सही घेतली असेल, तर हक्क ‘कळवला’ असे म्हणता येते का, हे विचारलेच पाहिजे.

८. माल खिशात नव्हता, गाडीत ठेवलेल्या पिशवीत होता. तरीही कलम ५० लागू होते का?

नाही, आणि बहुसंख्य प्रकरणे येथेच अडकतात. हिमाचल प्रदेश राज्य विरुद्ध पवनकुमार (२००५) या निकालाप्रमाणे पिशवी, बॅग, पेटी म्हणजे ‘व्यक्ती’ नव्हे; २०२३ मधील रंजनकुमार चड्ढा निकालाने तीच भूमिका कायम ठेवली. अंगझडतीत कलम ५० मोडले गेले, तरी वाहनातून स्वतंत्रपणे मिळालेल्या मालावर त्याचा परिणाम होत नाही, असे पंजाब राज्य विरुद्ध बलजिंदर सिंग (२०१९) सांगतो. हैदराबादकडून येणाऱ्या मोटारीच्या डिक्कीत पोती सापडली, तर कलम ५० ऐवजी प्रश्न ९ कडे वळावे.

९. खासगी मोटार आणि एसटी बस यांच्या झडतीत कायद्याने काही फरक आहे का?

एनडीपीएस कायद्यात मोठा फरक आहे. सार्वजनिक ठिकाणची झडती आणि जप्ती कलम ४३ खाली होते आणि त्या कलमाच्या स्पष्टीकरणात सार्वजनिक वाहतुकीचे वाहन समाविष्ट आहे. खासगी वाहन त्यात बसत नाही. खबर मिळाल्यावरून अशा वाहनाची झडती घ्यायची असेल, तर कलम ४२ प्रमाणे खबर लिहून घ्यावी लागते आणि तिची प्रत ७२ तासांत वरिष्ठांकडे पाठवावी लागते. बूटा सिंग विरुद्ध हरियाणा राज्य (२०२१) या प्रकरणात रस्त्यावरील खासगी जीपमध्ये माल सापडला होता. कलम ४२ चे पालन मुळीच न झाल्याने सर्वोच्च न्यायालयाने आरोपींना निर्दोष सोडले. कर्नेल सिंग (२००९) या घटनापीठाच्या निकालाने मात्र तातडीच्या प्रसंगी समाधानकारक कारण देऊन झालेला उशीर क्षम्य मानला आहे. म्हणून ‘नेहमीची नाकाबंदी होती, अचानक माल सापडला’ असा फिर्यादीतला सूर आणि ‘गोपनीय बातमीदाराकडून बातमी मिळाली’ अशी ठाणे दैनंदिनीतली नोंद यांत विसंगती आहे का, हे सर्वांत आधी पाहावे.

१०. ब्रेथ अॅनालायझरमध्ये फुंकायला नकार देता येतो का?

नकार देऊन फायदा होत नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम २०३ प्रमाणे मद्यपान करून वाहन चालवल्याचा वाजवी संशय असेल तर गणवेशातील पोलीस श्वासाचा नमुना मागू शकतो. नकार दिला आणि मद्यपानाचा संशय कायम असला, तर विनावॉरंट अटक होऊ शकते, आणि कलम २०५ प्रमाणे विनाकारण दिलेला नकार आरोपीविरुद्ध धरला जाऊ शकतो. ‘वाजवी संशय’ हे शब्द मात्र कलमात आहेत. त्यामुळे ३१ डिसेंबरच्या रात्री रांगेतील प्रत्येकाला यंत्र लावण्याची पद्धत कलमाच्या शब्दांशी ताडून पाहिली, तर ती निर्वेध नाही, असे मला वाटते. अर्थात यंत्राचा आकडा जास्त आला असेल, तर प्रश्न ६ मधील कारणामुळे एवढ्यावर सुटका होणे कठीण आहे.

मर्यादा १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅम अल्कोहोल ही आहे. पहिल्या गुन्ह्यासाठी सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दहा हजार रुपये दंड किंवा दोन्ही होऊ शकते. बचावाच्या दृष्टीने यंत्राची छापील चिठ्ठी, तिच्यावरील वेळ, वाहन क्रमांक, नाव आणि यंत्राच्या तपासणीची तारीख हे सर्व मागावे. अटक झाली असेल, तर कलम २०२ च्या परंतुकाप्रमाणे दोन तासांच्या आत नोंदणीकृत डॉक्टरकडून तपासणी झाली पाहिजे, नाहीतर कोठडीतून सोडावे लागते. अटकेची वेळ आणि केसपेपरवरील वेळ शेजारी शेजारी ठेवून पाहाव्यात.

११. रक्त घेतलेच नाही. डॉक्टरांनी फक्त ‘वास येतो’ असे लिहिले. तेवढ्यावर शिक्षा होते का?

‘तोंडास उग्र वास, डोळे लालसर, चालताना तोल जातो’ ही वाक्ये असंख्य कागदांवर सारखीच आढळतात. बच्चूभाई हसनअली कारयानी विरुद्ध महाराष्ट्र राज्य (१९७१) या निकालात सर्वोच्च न्यायालयाने रक्त-लघवी न तपासता केवळ अशा लक्षणांवरून मद्यपानाचा निष्कर्ष काढणे पुरेसे मानले नाही. शिवाय मोटार वाहन कायद्याच्या कलम १८५ मध्ये प्रमाणच मोजावे लागते आणि वासाला प्रमाण नसते.

१२. रस्त्यावरच मी ‘हो, माल माझाच आहे’ असे बोलून गेलो. ते वापरले जाईल का?

पोलिसांसमोर दिलेली कबुली साक्ष्य अधिनियमाच्या कलम २३ प्रमाणे आरोपीविरुद्ध सिद्ध करता येत नाही. त्याच कलमाच्या परंतुकाचा अपवाद मात्र लक्षात ठेवावा : कोठडीत दिलेल्या माहितीवरून एखादी वस्तू सापडली, तर त्या शोधाशी थेट निगडित तेवढा भाग वापरता येतो. एनडीपीएस अधिकाऱ्यांनी कलम ६७ खाली घेतलेले कबुलीजबाबही तूफान सिंग विरुद्ध तमिळनाडू राज्य (२०२०) या निकालानंतर पुरावा म्हणून चालत नाहीत.

१३. मी पोलिसांचे चित्रीकरण करू शकतो का? त्यांनी चित्रीकरण केलेच नसेल तर काय?

कामात अडथळा न आणता सार्वजनिक रस्त्यावर चित्रीकरण करण्यास मनाई करणारी सर्वसाधारण तरतूद नाही. पोलिसांवर मात्र आता बंधन आहे : नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १०५ प्रमाणे झडती, जप्ती आणि यादीवरील सह्या यांचे दृकश्राव्य चित्रीकरण करून ते विनाविलंब दंडाधिकाऱ्याकडे पाठवायचे आहे. चित्रीकरण नसले तर पुरावा आपोआप बाद होईल, असे कलमात म्हटलेले नाही. पण हातात मोबाइल असताना चित्रीकरण का केले नाही, याचे उत्तर अधिकाऱ्याला साक्षीत द्यावे लागते. दोन्ही बाजूंच्या चित्रफितींना साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चे प्रमाणपत्र लागते. जालन्यातील निवडणूक वादातून निघालेल्या अर्जुन पंडितराव खोतकर (२०२०) या निकालाने ते अनिवार्य ठरवले. चौकातील किंवा दुकानाच्या सीसीटीव्हीतील चित्रण काही दिवसांत पुसले जाते, म्हणून ते जपून ठेवण्याचा अर्ज पहिल्याच तारखेला द्यावा.

१४. पंच पोलिसांचे नेहमीचे असतील तर?

नागरिक सुरक्षा संहितेचे कलम १०३ त्या परिसरातील दोन स्वतंत्र आणि प्रतिष्ठित व्यक्ती पंच म्हणून अपेक्षिते. तेच नाव वेगवेगळ्या गुन्ह्यांच्या पंचनाम्यांत आढळले, तर त्या दोषारोपपत्रांच्या प्रती मिळवून उलटतपासणीत दाखवाव्यात. पण पंच फितूर झाला म्हणजे खटला संपला, असे नाही. पोलिसांची साक्ष केवळ ती पोलिसांची आहे म्हणून नाकारता येत नाही. ती विश्वासार्ह वाटली, तर तेवढ्यावरही शिक्षा होऊ शकते. त्यामुळे पंचांइतकेच लक्ष मुद्देमालाकडे द्यावे : पाकिटावर लाखेचे सील कोणते होते, त्याचा नमुना पंचनाम्यावर आहे का, मुद्देमाल नोंदवहीत तो केव्हा जमा झाला आणि रासायनिक पृथक्करणासाठी केव्हा निघाला.

१५. ई-चलानचा फोटो हाही पुरावाच ना?

होय. त्यासाठी केंद्रीय मोटार वाहन नियमांतील नियम १६७अ आहे : यंत्राला मान्यता प्रमाणपत्र हवे, देखरेखीचा फलक हवा आणि नोटीस घटनेपासून पंधरा दिवसांत पाठवली पाहिजे. फोटोत वाहन क्रमांक, स्थळ आणि वेळ स्पष्ट नसेल, तर तडजोड शुल्क भरण्यापूर्वी पोर्टलवर तक्रार नोंदवावी. शुल्क भरल्यावर वाद उरत नाही.

१६. अटकच बेकायदेशीर ठरली, तर खटला संपतो का?

खटला संपत नाही. सुटका किंवा जामीन मिळू शकतो. मिहिर राजेश शाह विरुद्ध महाराष्ट्र राज्य (२०२५) या निकालाप्रमाणे अटकेची कारणे प्रत्येक गुन्ह्यात, अटक झालेल्याला समजणाऱ्या भाषेत, लेखी दिली पाहिजेत. तत्काळ शक्य नसेल, तर रिमांडसाठी हजर करण्याच्या किमान दोन तास आधी दिली पाहिजेत. प्रश्न ७ मधील भाषेचा मुद्दा येथेही लागू होतो. जप्त माल मात्र, प्रश्न ६ मध्ये सांगितल्याप्रमाणे, पुराव्यात राहतो.

१७. हे सर्व आक्षेप केव्हा आणि कोठे घ्यायचे?

पुरावा वगळण्याचा स्वतंत्र अर्ज आपल्याकडे नसल्याने आक्षेप टप्प्याटप्प्याने घ्यावे लागतात. पहिल्या रिमांडला अटकेच्या कारणांचा आणि वेळांचा आक्षेप नोंदवावा, कारण तेव्हा गप्प राहिल्यास नंतर तो आक्षेप मागाहून सुचलेला वाटतो. जामीन अर्जात एनडीपीएस कायद्याच्या कलम ४२ आणि ५० चे मुद्दे घेता येतात. व्यावसायिक प्रमाणाच्या प्रकरणात त्याच कायद्याच्या कलम ३७ मधील जामिनाच्या अटींमुळे त्यांचे वजन वाढते. दोषमुक्तीच्या अर्जाला आता साठ दिवसांची मुदत आहे. सत्र खटल्यात ती प्रकरण वर्ग झाल्यापासून (नागरिक सुरक्षा संहितेचे कलम २५०) आणि दंडाधिकाऱ्यांसमोरील वॉरंट खटल्यात कागदपत्रांच्या प्रती मिळाल्यापासून (कलम २६२) मोजली जाते. गुन्हा रद्द करण्यासाठी कलम ५२८ खाली उच्च न्यायालयात जावे लागते. १८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूर येथे सर्किट बेंच सुरू झाल्याने सोलापूर जिल्ह्यातील अशी प्रकरणे मुंबईऐवजी तेथे दाखल होतात. ज्या मुद्द्यांसाठी पंच, तपासी अंमलदार आणि नोंदवह्या तपासाव्या लागतात, ते उच्च न्यायालय या टप्प्यावर सहसा ऐकत नाही. ते सोलापूरच्या न्यायालयात उलटतपासणीतच सिद्ध करावे लागतात.